हलकी बंदूक आणि तिचा भार

मनुष्यानें आजवर जीं साधनें निर्माण केलीं त्यांपैकीं बहुतेकांच्या मुळाशीं एकच इच्छा दिसते: आपल्या अंगावरचा भार कमी व्हावा. चाक, नौका, मोट हीं सर्व तिचींच अपत्यें होत. ही इच्छा निंद्य आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आपल्या अंगावरून उतरलेला भार गेला कोठें, हें साधनाचा उपभोग घेणारा सहसा विचारीत नाहीं. हा प्रश्न आमच्यापुढें नुकताच एका अनपेक्षित वाटेनें आला, म्हणून त्याचा थोडा विचार करण्याचें योजिलें आहे.

आमचा एक जुना विद्यार्थी बरींच वर्षें अमेरिकेंत आहे. त्याचें मूळ गांव यवतमाळ जिल्ह्यांतील राळेगांव तालुक्यांत असून त्याचे वडील बंधू अद्यापि तेथें कापसाची शेती करितात. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें व त्यांतील पुढील दुरुस्त्यांनीं शिकारीचा शौक संपुष्टांत आणिला. तिकडे मात्र परवाना काढून ठराविक हंगामांत मोठ्या जनावरांची शिकार करितां येते. या विद्यार्थ्यानें आम्हांस लिहिलें: ‘सर, एल्क म्हणून सांबराच्या कुळांतलें मोठें जनावर असतें. त्याच्या मागें दिवसभर डोंगर चढावे लागतात. साडेचार किलोंची रायफल आतां जड होते. म्हणून एका कारागिराकडून माझ्या हाताच्या व खांद्याच्या मापानें तीन किलोंची घडवून घेत आहें. यांत नीतीच्या दृष्टीनें कांहीं वावगें आहे काय?’

आम्हीं जन्मांत बंदूक हातीं धरिली नाहीं. तथापि पदार्थविज्ञानाचे सामान्य नियम बंदुकीसही सोडीत नाहींत. हलकी रायफल करावयाची तर नळी बारीक व आखूड करावी लागते, दस्ता लांकडाऐवजीं कृत्रिम तंतूंचा घ्यावा लागतो, आणि जेथून पोलाद काढतां येईल तेथून तें काढावें लागतें. परंतु काडतूस तेंच राहिलें, तर गोळी जितक्या जोरानें पुढें जाते त्या मानानें बंदूक मागें येणारच. साडेचार किलोंची रायफल तीन किलोंची केली, कीं धक्क्याची ऊर्जा सुमारें दीडपट होते. पाठीवरून उतरलेलें ओझें अशा रीतीनें खांद्यावर येतें. शिवाय जड बंदूक धापा टाकणाऱ्या माणसाच्या हातांतही कांहींशी स्थिर राहते. हलकी बंदूक त्याच्या प्रत्येक श्वासाबरोबर हालते. धक्क्याची धास्ती एकदां मनांत बसली, म्हणजे चाप ओढण्याच्या क्षणींच डोळा मिटतो व अंग दचकतें. मग नेम ढळतो आणि जनावर मरण्याऐवजीं जखमी होऊन रानांत जातें. खांद्यानें नाकारलेला भार येथें मुक्या प्राण्याच्या देहावर गेला.

तो तेथेंच थांबतो असेंही नाहीं. कुमाऊंतील चंपावतच्या वाघिणीस जिम कॉर्बेटनें १९०७ सालीं मारलें. नेपाळ व कुमाऊं मिळून ४३६ माणसें तिनें मारल्याची नोंद होती. तिचा जबडा पाहिला तेव्हां उजव्या बाजूचा वरचा सुळा अर्धा व खालचा थेट हाडापर्यंत तुटलेला आढळला. कोणाच्या तरी जुन्या गोळीचा हा परिणाम असून त्यामुळेंच नैसर्गिक भक्ष्य मारणें तिला अशक्य झालें, असा कॉर्बेटचा निष्कर्ष होता. तो अज्ञात बंदूकवाला त्या दिवशीं ‘नेम चुकला’ एवढेंच म्हणून घरीं गेला असेल. त्या चुकलेल्या नेमाची किंमत पुढें सरपणास व चाऱ्यास रानांत जाणाऱ्या बायाबापड्यांनीं दिली. या कामगिरीबद्दल कॉर्बेटला संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नराकडून जी रायफल भेट मिळाली, ती रिग्बी कंपनीची .२७५ बोअरची, हलकीच होती, हा योगायोग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

तेव्हां हलकें शस्त्र मुळांतच वाईट, असें म्हणतां येणार नाहीं. आफ्रिकेंत हजारांवर हत्ती मारणाऱ्या बेल नांवाच्या स्कॉटिश शिकाऱ्यानें त्यांतील पुष्कळसे त्याच जातीच्या लहान बोअरच्या रायफलीनें मारले. त्या संहाराचें समर्थन आम्हांस करावयाचें नाहीं. परंतु हत्तीची कवटी चिरून मेंदूची जागा त्यानें आधीं पक्की केली होती, हें सांगणें प्राप्त आहे. शस्त्रांतून जें वजन त्यानें कमी केलें, तें अभ्यासाच्या रूपानें त्यानें स्वतःच उचललें. खरा भेद आम्हांस येथें दिसतो.

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या गांवाकडे वळूं. पांढरकवडा वनविभागांत २०१६ ते २०१८ या काळांत तेरा माणसांचे बळी एका वाघिणीच्या नांवावर मांडले गेले. सरकारी दप्तरीं ती ‘टी-१’ होती व लोकांच्या तोंडीं ‘अवनी’. त्या दिवसांत आमच्या विद्यार्थ्याचे बंधू डबा वाजवीत शेतांत जात, आणि वेचणीस बायका मिळत नसत. व्याघ्रसंरक्षणाचा अभिमान साऱ्या देशाचा, परंतु त्याचा भार रानाकांठच्या गुराख्यावर, ही वांटणी न्याय्य होती असें कोण म्हणेल? वाघिणीस बेशुद्ध करून पकडावें व न साधल्यास गोळी घालावी, असा आदेश निघाला, आणि सप्टेंबर २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यांत हस्तक्षेप करण्याचें नाकारिलें. शोधासाठीं आणलेल्या हत्तींपैकीं एक हत्ती सुटला व त्यानें एका स्त्रीचा प्राण घेतला. अखेर २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं बोराटीच्या परिसरांत वाघीण गोळीनें मारली गेली. तिचे दोन बछडे मागें राहिले. गांवांत फटाके वाजले, शहरांत निषेध झाले.

त्या गोळीचा भार कोणीं उचलला? खात्यानें न्यायालयाकडे बोट दाखविलें. न्यायालयानें आदेश खात्यावरच सोंपविला होता. गोळी घालणाराच्या बाजूनें आत्मसंरक्षण सांगण्यांत आलें. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशींत कार्यपद्धतीवर आक्षेप निघाले. जो तो निमित्तमात्र ठरला. गीतेंतील हा शब्द अर्जुनास कर्माकडे वळविण्यासाठीं आला आहे. आपण तो कर्माचा हिशेब टाळण्यासाठीं वापरतों. वाघीण मारणें अवश्य होतें कीं नव्हतें, याविषयीं प्रामाणिक मतभेद होऊं शकेल. परंतु अवश्य कर्मही कोणा एकानें ‘हें मीं केलें’ म्हणून स्वीकारावें लागतें. एरवीं तें निराधार पोरासारखें दारोदार फिरत राहतें.

याच संबंधांत दशरथाची कथा आठवते. अंधारांत केवळ आवाजावर बाण सोडण्याची विद्या त्यास अवगत होती, व तिचा त्यास अभिमानही होता. त्या बाणानें श्रावण पडला. राजास पळून जातां आलें असतें. रात्र होती, साक्षी कोणी नव्हता. पण तो स्वतः घागर भरून त्या आंधळ्या मातापित्यांकडे गेला व आपला अपराध आपल्या तोंडानें बोलला. शाप मिळाला, तोही त्यानें घेतला. त्याच्या हातून घडलें तें भयंकर खरेंच, परंतु त्याचा भार त्यानें दुसऱ्यावर टाकिला नाहीं.

विद्यार्थ्यास आम्हीं उत्तर लिहिलें. शिकार करावीच कीं नाहीं, याविषयीं आमचें मत त्यास ठाऊक आहे; तें पुन्हां सांगण्यांत अर्थ नव्हता. रायफल हलकी घ्यावयाची तर घे, परंतु हंगामापूर्वीं कित्येक दिवस तिचा धक्का सोसून खांद्यास संवय लाव. ज्या अंतरावर हाताची खात्री नाहीं, तेथून जनावर कितीही मोठें दिसलें तरी चाप ओढूं नको. जनावर जखमी होऊन गेलें तर अंधार पडला तरी, सुट्टी संपली तरी, त्याचा माग सोडूं नको. आणि मारलेंस तर त्याचें मांस स्वतःच्या पाठीवरून डोंगराखालीं आण. रायफलींतून वांचविलेला दीड किलो या चार ठिकाणीं तुला पुन्हां उचलावा लागेल. तयारी नसेल तर जुनी जड बंदूकच बरी, किंवा कोणतीच नको.

शेवटीं आम्हीं एवढेंच लिहिलें कीं, कारागिरानें तुझ्या खांद्याची रुंदी मोजली असेलच. तो खांदा किती भार सोसतो, हें माप मात्र तुझें तुलाच घ्यावें लागेल.