पुन्हा एकदा, मावशी

वलवणला राहणाऱ्या माणसाला शूटिंगचे अप्रूप नसते. मुंबई-पुण्याकडच्या कंपन्या लोणावळ्याला येतात, धुके भाड्याने मिळावे तशा थाटात दोन दिवस राहतात आणि निघून जातात. लॉऱ्या, दिवे, छत्र्या, चहाचे थर्मास आणि विनाकारण ओरडणारा एक तरी माणूस. माझ्या मनातले सिनेमाचे चित्र हे असे आहे. त्यामुळे गेल्या दिवाळीच्या तोंडावर माझा नातू पुण्याहून आला आणि “आजोबा, मी तळ्यावर फिल्म करतोय,” असे म्हणाला, तेव्हा मी फाटकाबाहेर लॉरी शोधू लागलो. त्याने खिशातून फोन काढून दाखवला. सगळी कंपनी त्यात होती.

वलवणचे तळे म्हणजे धरणाचे पाणी. ते घाटाखाली नळांतून उतरते, खोपोलीच्या वीजघरात चक्रे फिरवते. हे वीजघर 1915 साली सुरू झाले आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. एवढी माहिती मी नातवाला दिली. चाळीस वर्षे शाळेत शिकवल्यावर माहिती देण्याची खोड जात नाही. त्याला मात्र माहिती नको होती, माणूस हवा होता. म्हणून मी त्याला शेजारच्या मावशींकडे नेले.

मावशींचे वय पंच्याऐंशीच्या घरात. त्यांच्या आजोबांची भाताची खाचरे पाण्याखाली गेली. मावशींनी ती पाहिलेली नाहीत. त्यांनी पाहिली ती आजी. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ही आजी काठावर उभी राहायची आणि बोट करून म्हणायची, “तिथं आपली विहीर.” मावशींना तिथे पाणीच दिसायचे. हे सांगताना त्यांचे बोट आपोआप उचलले गेले, आवाज फुटला, आणि इतकी वर्षे शेजारी राहून मी प्रथमच त्यांना रडताना पाहिले.

नातवाने फोन कानाशी धरून ऐकला. वाऱ्याने घात केला होता. तो अगदी गोड आवाजात म्हणाला, “मावशीआजी, पुन्हा एकदा सांगाल? तशीच?”

मावशींनी पुन्हा सांगितले. बोट त्याच जागी उचलले. डोळ्यांत पाणीही आले. खरे सांगायचे तर दुसऱ्या वेळी त्यांनी अधिक चांगले सांगितले, आणि त्यानेच मी अस्वस्थ झालो.

एकाच दुःखासाठी माणसाला दोनदा रडायला लावण्याचा हक्क कोणाला असतो? तुम्ही म्हणाल, नट रोज रात्री रडतात. पण नटाने तो व्यवहार पत्करलेला असतो. मावशींनी काय पत्करले होते? शेजारच्या पोराचे मन मोडू नये, एवढेच.

रात्री जेवताना मी हा विषय काढला. म्हटले, पूर्वी असे झाले नसते. पडद्याच्या फिल्मला फुटाला सोळा चित्रे, सेकंदाला चोवीस. म्हणजे मिनिटाला नव्वद फूट फिल्म खर्ची पडे. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपे, आणि कच्चा माल परदेशातून यायचा. यंत्र सुरू करण्यापूर्वी दहादा तालीम करीत, दहादा विचार करीत. दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली कुंडीतले वाटाण्याचे रोप वाढताना एकेक चित्र घेऊन टिपले, आणि ते दाखवून पहिल्या चित्रपटासाठी भांडवल उभे केले. रोपाला ‘पुन्हा एकदा’ म्हणण्याची सोय नव्हती.

नातू शांतपणे म्हणाला, “मावशीआजी वीस मिनिटं बोलल्या. म्हणजे अठराशे फूट. त्यांच्यावर अठराशे फूट कुणी घातली असती, आजोबा?”

मी भाकरीचा तुकडा मोडत बसलो. हिशेब बरोबर होता. जुन्या मंडळींचा संयम मी विवेक म्हणून मिरवत होतो. त्यातला बराचसा भाग केवळ फिल्मच्या किमतीचा होता. काटकसर आणि विवेक यांचे चेहरे लांबून सारखेच दिसतात. आणि त्या महाग फिल्मवर राजे आले, संत आले, देव आले. वलवणच्या काठावर बोट करून उभी राहिलेली म्हातारी आली नाही. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तर तारामतीचे काम करायला बाई मिळेना म्हणून ते अण्णा साळुंके यांनी केले. आज ज्याच्या खिशात फोन आहे त्याची आजी पडद्यावर येऊ शकते. हे थोडे नाही.

तरीही माझी कुरबुर शमली नाही. स्वस्ताईने घेणाऱ्याचा हात मोकळा झाला, तसा बघणाऱ्याचाही झाला. माझ्या तरुणपणी थेटरात कंटाळवाणा प्रसंग आला तरी बसून राहावे लागे. शेजारच्या अनोळखी माणसाबरोबर आपण निमूट कंटाळायचो, आणि पुष्कळदा त्या कंटाळ्यातूनच पुढचे हसू किंवा हुंदका तयार व्हायचा. आता सिनेमाच्या रिळांच्या पेट्या गावोगाव फिरत नाहीत. जत्रेतल्या तंबूंतसुद्धा जुन्या यंत्रांच्या जागी नवी डिजिटल यंत्रे आली. 2016 सालच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात हे सारे टिपले आहे. यंत्र बदलल्याचे मला दुःख नाही. पण माझा नातू दुसऱ्यांच्या फिल्मा दीडपट वेगाने पाहतो! बोलणाऱ्या माणसाला आपण तोंडावर “लवकर आटप” म्हणत नाही. पडद्यावरच्या माणसाला बोटाने म्हणतो. त्याला कळत नाही, म्हणून ते क्षम्य ठरते का? मला वाटते, नाही. नातवाला वाटते, मी म्हातारा झालो. दोन्ही खरे असू शकेल.

भाऊबीजेच्या संध्याकाळी आमच्या अंगणात दोरीवर चादर बांधली. मित्राकडून मागून आणलेले छोटे यंत्र स्टुलावर ठेवले. आळीतली वीस-पंचवीस माणसे जमली. मावशींना पुढे खुर्ची दिली. सुरुवातीला पोरांच्या हातांत दोन-चार फोन उजळले होते. मग चादरीवर तळे आले, मावशी आल्या, बोट उचलले गेले. आणि फोन केव्हा विझले ते मला कळले नाही. मावशींना जलद पळवण्याचे बटण त्या अंगणात कोणाच्याच हाती नव्हते. चादर वाऱ्याने हलली की पाणीही हलत होते.

संपल्यावर मावशींनी विचारले, “ही दुसरी बारी, व्हय? पयली कुठाय?”

नातू गोंधळला. “ती पुसली, मावशीआजी. फोनमध्ये जागा नव्हती.”

मला एकदम राग आला. ‘राजा हरिश्चंद्र’ची आज पहिली आणि शेवटची रीळ तेवढी उरली आहेत, आणि काही अभ्यासकांच्या मते तीही मूळची नव्हेत, मूळ प्रत गमावल्यावर फाळक्यांनी 1917 साली पुन्हा केलेल्या चित्रपटाची आहेत. पुण्यात 2003 साली लागलेल्या आगीत जुन्या फिल्मा जळाल्या. पण ती आग होती. हे तर जेवणाची पत्रावळ टाकावी तसे टाकून देणे झाले! मी तोंड उघडणार, तोच मावशी म्हणाल्या, “बरं केलंस बाबा. पयल्या टायमाला मी पदरानं नाक पुसलं हुतं.”

सगळे हसले. नातूही हसला. माझा राग तसाच अर्धवट राहिला.

फराळाची ताटे आली. मावशींनी चकली मोडली, थोडा वेळ चादरीकडे पाहिले आणि हळूच मला म्हणाल्या, “गुरुजी, दुसऱ्या टायमाला मला आजी नव्हती आठवली. पोराचं त्वांड बघून रडू आलं. लई घाबरलं हुतं, पुन्हा वारा सुटंल म्हून.”

चादर अजून दोरीवरच होती. नातू यंत्राची वायर गुंडाळत होता. मी त्याला हाक मारली, आणि मावशींनी माझ्या हातावर हात ठेवून मान हलवली.