धीर आणि दिरंगाई

आपल्या नीतिकल्पनांत धीराला फार मानाचे स्थान आहे. संकटात जो उतावीळ होत नाही तो शहाणा, घरातल्या माणसाचे बरेवाईट जो पोटात घालतो तो थोर, ही आपली पिढीजात शिकवण. ती खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु एक प्रसंग असा आहे की, ज्यात हाच सद्‌गुण, कोणाच्याही मनात वाईट हेतू नसता, एका माणसाच्या आयुष्याची नासाडी करू शकतो. घरातील एखाद्याचे मन बिघडू लागते, आणि घर धीर धरते. हा धीर कोठपर्यंत सद्‌गुण असतो आणि कोठून पुढे त्यास दुसरे नाव द्यावे लागते, हा प्रश्न जितका वैद्यकाचा तितकाच नीतिशास्त्राचाही आहे.

प्रथम एक सोयीचे उत्तर बाजूस सारले पाहिजे. आमच्या मेहकरसारख्या गावी मनोविकारावर उपचार उशिरा होतात ते केवळ अंतरामुळे, असे म्हणण्याची पद्धत आहे. पूर्वी त्यात पुष्कळ तथ्य होते. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ सालचे. पण पैनगंगेच्या काठावरून तेथवर जाणे म्हणजे दोन मुक्कामांची तयारी आणि चारचौघांच्या चौकश्यांना उत्तरे. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला, आणि तीनशे किलोमीटरांच्या आसपासचे हे अंतर तीन-चार तासांचे झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याची दूरध्वनी-सेवा सुरू केली. तिच्यासाठी तर घराबाहेरही पडावे लागत नाही. रस्त्यावरचा वेळ असा कमी झाला. उंबऱ्याच्या आत जो वेळ जातो तो मात्र कोणत्याही महामार्गाने कमी होत नाही.

एक घर कल्पावे. मुलगा एकोणीस वर्षांचा, पुण्यास शिकावयास ठेवलेला. दिवाळीस घरी येतो तो बदलून आलेला असतो. रात्र रात्र जागा राहतो, अंघोळ टाळतो, खिडकी लावून घेतो, आणि शेजारचे लोक आपल्याविषयीच बोलतात असे आईला हलक्या आवाजात सांगतो. वडील म्हणतात, परीक्षेचा ताण. आई म्हणते, मेसचे जेवण आणि जागरणे. आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकते. काकांना वाटते, एखाद्या मुलीचे प्रकरण असावे. यांतले प्रत्येक अनुमान शक्य कोटीतले आहे. एकोणीस वर्षांच्या मुलांना ताणही येतो आणि प्रेमभंगही होतो. दोन महिने असे जातात. मग कोणी पत्रिका दाखवतो; साडेसाती निघते, आणि साडेसातीचा मोठा गुण असा की ती अमुक दिवशी संपते. तोवर थांबणे क्रमप्राप्तच ठरते. शारंगधर बालाजीला नवस होतो. मग थोरल्या बहिणीची सोयरीक जुळत आलेली असते. तिचे हात पिवळे होईपर्यंत ही गोष्ट बाहेर फुटू नये, असे ठरते. बहिणीचे लग्न झाल्यावर एखादे वडीलधारे गृहस्थ सुचवतात की याचेही उरकून टाका, जबाबदारी आली म्हणजे ताळ्यावर येईल.

दीड वर्ष गेले. या घरात दुष्ट मनुष्य एकही नाही. उद्या डॉक्टरांनी शेत विकावयास सांगितले तर हेच वडील कागदावर अंगठा-सही जे लागेल ते करतील. दीड वर्षातला प्रत्येक आठवडा त्यांनी मायेपोटी घालवला आहे. आणि म्हणूनच या उशिराचा न्याय करणे कठीण जाते. त्यात निष्काळजीपणा असता तर काम सोपे होते. (लग्नाच्या उपायाविषयी मात्र मला इतकी सहानुभूती नाही. लग्न हे औषध आहे असे जे मानतात ते त्या औषधाची किंमत दुसऱ्याच्या मुलीकडून वसूल करीत असतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही वराच्या वा वधूच्या मनःस्थितीची अट घालून ठेवली आहे. पण त्या अटीचा व्यवहारात परिणाम काय, तर दडवादडवी अधिक कसोशीने होते.)

या धीरामागे केवळ अज्ञान आहे असे सुशिक्षितांस वाटते. मला त्यामागे एक जुना आणि उदात्त संस्कारही दिसतो. आमच्याच जिल्ह्यात शेगाव आहे. १८७८ साली तेथे उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाणारा एक तरुण लोकांच्या दृष्टीस पडला, तेव्हा अनेकांनी त्यास वेडा समजून बाजूला टाकले असते. पण ज्यांनी थांबून पाहिले त्यांना गजानन महाराज भेटले. त्याहून सहा शतके मागे गेल्यास ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू आढळतात. त्यांचे वागणे लोकविलक्षण, आणि महानुभावांच्या चरित्रग्रंथाने ते वेड झाकून न ठेवता भक्तीने नोंदवले. ज्या भूमीने पिशांतून परमेश्वर ओळखला, तिला विक्षिप्त माणसास चटकन रोगी म्हणणे जड जाणारच. या संस्काराने वऱ्हाडात कित्येक भ्रमिष्टांना भाकर मिळाली, दगड मिळाले नाहीत, हे त्याचे श्रेय आहे. त्याची दुसरी बाजू अशी की, भाकर दिली म्हणजे आपले कर्तव्य संपले असे वाटू लागते. ज्या मुलाला भिंतीतून शिव्या ऐकू येतात तो स्वतः भयाने जळत असतो. त्याच्या त्या अवस्थेत अवलियाचा आनंद शोधणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयातून १९८६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. छिन्नमनस्कतेचा, म्हणजे स्किझोफ्रेनियाचा, पहिला झटका आलेले २५३ रुग्ण त्यात होते. ज्यांच्या आजाराच्या आरंभापासून औषध सुरू होईपर्यंत वर्षाहून अधिक काळ गेला होता, त्यांच्यात आजार पुन्हा उलटण्याचे प्रमाण अधिक दिसले. त्यानंतर अनेक देशांतून अशाच अर्थाचे निष्कर्ष आले. यावर एक आक्षेप निघाला आणि तो विचारार्ह आहे. जो आजार मुळातच मंद पावलांनी, कुरतडत येतो तो घरच्यांच्या लक्षात उशिरा येतो. आणि तोच आजार स्वभावतः बरा होण्यास अवघड असतो. तेव्हा उशिरामुळे प्रकृती बिघडली, की वाईट प्रकृतीमुळेच उशीर झाला? कार्यकारणभावाची अशी गाठ नुसत्या आकड्यांनी सुटत नाही.

ती सोडविण्याचा चांगला यत्न नॉर्वेमध्ये झाला. तेथील रोगालांड प्रांतात १९९७ पासून वर्तमानपत्रे, शाळा आणि चित्रपटगृहे यांच्याद्वारे लोकांना या आजाराची पहिली लक्षणे सांगण्यात आली, आणि कोणीही चिठ्ठीशिवाय गाठू शकेल असे तपासणी-पथक ठेवले गेले. आजार सुरू होऊन उपचारास लागेपर्यंतचा मध्यम काळ पूर्वी अर्ध्या वर्षाचा होता, तो सुमारे पाच आठवड्यांवर आला. दहा वर्षांनी पाहिले, तेव्हा या प्रांतातील सुमारे ३१ टक्के रुग्ण पूर्णपणे सावरून कामाधंद्याला लागलेले होते. तुलनेसाठी घेतलेल्या, अशी मोहीम नसलेल्या भागांत हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. म्हणजे उशीर हा नुसता वाईट आजाराचा साक्षीदार नसून त्याचा साथीदारही असावा. या प्रयोगातली आणखी एक गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. लोकशिक्षणाची मोहीम थांबताच तो काळ पुन्हा वाढू लागला. नॉर्वेच्या सुशिक्षित, सधन घरांतही आठवण करून देणारे कोणी नसले की लोक वाटच पाहतात. तेव्हा हा दोष केवळ आमच्या खेड्यांच्या माथी मारण्याचे कारण नाही.

उशिराने नेमके काय बिघडते? मेंदूवर होणाऱ्या परिणामांविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु मेंदूबाहेर जे बिघडते ते पाहण्यास तज्ज्ञ लागत नाही. दीड वर्षात त्या मुलाचे महाविद्यालय सुटलेले असते, मित्रांनी विचारपूस सोडलेली असते, त्याच्या हातून एखादी मारहाण घडलेली असते, आणि गल्लीने त्याला एक नाव ठेवलेले असते. पुढे औषधाने आवाज थांबतात. ते नाव थांबत नाही. एकोणीस ते एकवीस हीच वर्षे माणूस स्वतःचे आयुष्य उभे करण्याची असतात. त्या वयात कोवळी डहाळी मोडली आणि जून खोडाची फांदी मोडली, यांत फरक आहे.

आमच्या जिल्ह्यात या विषयावर लिहिताना पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्याचे नाव टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. होळीला तेथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, आणि भूतबाधा वा करणी झाली असे मानलेल्या माणसांना घेऊन हिंदू-मुसलमान दोन्ही समाजांची कुटुंबे दूरदूरून येतात. त्या कुटुंबांची थट्टा करणे सोपे आहे. पण ज्या घराचे तोंड सर्वांनी चुकवले त्या घरास तेथे आपल्यासारखीच दहा घरे दिसतात, आणि कोणी लाजत नाही. हा दिलासा खरा आहे. आपल्या कितीशा दवाखान्यांच्या बाकांवर तो मिळतो? श्रद्धेला माझी हरकत नाही. श्रद्धा जेव्हा दवाखान्याची जागा घेते आणि दिवसांचा हिशेब थांबवते, तेव्हा हरकत आहे. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळील एका आश्रयगृहास ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि २८ मनोरुग्ण मेले. साखळ्यांनी बांधलेले असल्यामुळे त्यांस पळता आले नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या निमित्ताने बांधणे, मारणे हा गुन्हा ठरविला, तो योग्यच आहे. परंतु गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून निघालेला मार्ग मला अधिक फलदायी दिसतो. तेथे मुजावर दुआ करतात आणि त्याच आवारात बसलेल्या डॉक्टरांकडे रुग्णाला पाठवतात. उपक्रमाचे नावच ‘दवा-दुआ’ आहे. आणि आपल्या जुन्या वैद्यकाचाही याला विरोध नाही. चरकाने उन्मादाचे आगंतु म्हणजे भूतादिकांमुळे होणारे प्रकार वर्णिले खरे, पण निदानस्थानातील त्याच अध्यायात, देव, गंधर्व किंवा पिशाच्च यांना दोष देऊ नये, दुःखाचे मूळ प्रज्ञापराधात पाहावे, असेही बजावले.

येथवर मान्य करणारे वाचकही एका ठिकाणी अडतात. रुग्ण स्वतःच ‘मला काही झालेले नाही’ म्हणत असेल तर? मोठ्या माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध उपचारास नेण्याचा आपणांस काय अधिकार? व्यक्तिस्वातंत्र्याचा पाठ ज्याच्यापाशी आम्ही शिकलो त्या मिल्लने आपल्या १८५९ च्या ग्रंथात मोडक्या पुलाचे उदाहरण घेतले आहे. पूल मोडका आहे हे न जाणता कोणी त्यावर पाऊल टाकीत असेल, आणि सांगण्यास वेळ नसेल, तर त्यास धरून मागे ओढण्याने त्याचे स्वातंत्र्य हिरावले जात नाही. कारण नदीत पडावे ही त्याची इच्छा नव्हे. पण मनोविकारात बहुधा सांगण्यास वेळ असतो, निदान आरंभी असतो, हे आपण विसरतो. पहिल्या महिन्यात तो मुलगा आईशी बोलत होता. झोप येत नाही एवढ्यासाठी तरी डॉक्टरांकडे चल, असे म्हटले असते तर कदाचित आला असता. दीड वर्षाने त्याला चौघांनी धरून गाडीत घालावे लागते. स्वातंत्र्याच्या आदरापोटी जो थांबतो त्याच्याच हातून अखेरीस स्वातंत्र्याचा अधिक कठोर भंग होतो. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने या पेचावर एक शहाणपणाची तोड काढली आहे. मन ठीक असतानाच, पुढे आजार उलटल्यास आपल्यावर कोणते उपचार व्हावे, कोणते होऊ नयेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे मनुष्य लिहून ठेवू शकतो. या तरतुदीची माहिती मला वकिलांनाही द्यावी लागली आहे.

मग दोष कोणाचा? घराचा थोडा आहे. पण सगळा घरावर लोटणे हा सरकारचा सोयीचा बचाव होईल. बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या पाहणीत मनोविकार असूनही उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के आढळले. (त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, आपण त्याहून फार निराळे असू असे मानण्यास मला आधार दिसत नाही.) चारांतील तीन जेथे वंचित राहतात तेथे प्रत्येक बापाच्या स्वभावाची चिकित्सा करून भागत नाही. उलट, विदर्भातल्याच तीस खेड्यांत नैराश्यासाठी एक उपक्रम चालला आणि गावच्याच शिकवलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन हा विषय बोलता केला, तेव्हा मदत घेणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. लोक तेच, श्रद्धा त्याच. दारापर्यंत कोणीतरी गेले, इतकेच.

एका गोष्टीची मला भीती वाटते. हे पान ज्यांच्या घरात मुळातच उशीर होऊन गेला आहे त्यांच्याही हाती पडेल, आणि वरचे आकडे त्यांस निकालपत्रासारखे वाटतील. ते तसे नाहीत. त्या प्रयोगात मोहीम नसलेल्या भागांतही शंभरांतले पंधरा पूर्ण सावरले, आणि उरलेल्यांतले कित्येक पुष्कळ सुधारले. मुंबईचे डॉ. भरत वाटवानी यांनी १९८८ साली स्थापन केलेली श्रद्धा पुनर्वसन संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना कर्जतच्या केंद्रात आणून उपचार करते. या कामासाठी २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार वाटवानींना मिळाला. या माणसांच्या बाबतीत उशीर महिन्यांत मोजण्यासारखा नसतो. काहींची घरे सुटून कित्येक वर्षे उलटलेली असतात. तरी औषध लागू पडले की त्यांतले पुष्कळ जण आपले नाव आणि गाव सांगू लागतात, आणि संस्थेची माणसे त्यांना आगगाडीत बसवून त्या गावी घेऊन जातात. दार वाजते. आई असली तर ती उघडते. कधी भाऊ उघडतो, आणि आत जाऊन भिंतीवरची तसबीर दाखवतो.