सापडले ते काय?



आमच्या शाळेत माझ्याहून वडील अशा एक ख्रिस्ती बाई शिकवितात. मूळच्या नगरकडच्या. त्यांच्या पणजोबांनी गावकुसाबाहेरच्या खोपटातून उठून बाप्तिस्मा घेतला. म्हणजे वाट वेगळी, पण निघण्याचे ठिकाण तुमचे-आमचेच. मागच्या पावसाळ्यात एका मधल्या सुट्टीत त्या मला म्हणाल्या, "सर, दोन वर्षे झाली. प्रार्थना करते, पण ऐकणारा कोणी आहे असे वाटतच नाही. पाळकसाहेबांना सांगितले तर म्हणतात, काही पाप लपवून ठेवले असेल, ते कबूल करा. तुम्ही देव मानीत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला भीती वाटत नाही."

मी गप्प राहिलो. खरे सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला. वाटले, फळ पिकले आहे, हात लावला की पडेल. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांचा ग्रंथ पिशवीत घालून शाळेत गेलो आणि संध्याकाळी तो तसाच परत आणला. का आणला, ते तुम्हाला सांगावेसे वाटते. असा प्रसंग तुमच्याही ओसरीवर येईल.

आदल्या रात्री मी पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार काढून बसलो होतो. १९७७ मध्ये आपल्या राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने तो छापला. आपल्या लोकांत रमाबाई फारशा वाचल्या जात नाहीत. ब्राह्मणाची मुलगी ख्रिस्ती झाली, आपला काय संबंध, असे म्हणतात. पण त्यांच्या धर्मांतरावरून पुण्यात गदारोळ उठला, तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. जोतीरावांना जो संबंध दिसला तो आपल्याला दिसू नये?

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील पुराणे सांगत देशभर हिंडले, आणि उपासमारीत आई-वडील दोघेही गेले. १८७८ मध्ये कलकत्त्यास त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. तेथेच धर्मशास्त्रे वाचताना त्यांना आढळले की शास्त्रांचे आपसांत कितीही भांडण असो, स्त्रीजात वाईट आणि पुरुषासारखा मोक्ष तिला नाही, यावर सगळ्यांचे एकमत आहे. शूद्रांविषयी काय लिहिले आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. पुढे इंग्लंडात, वॉंटेजच्या सिस्टरांच्या मठात असताना, समाजाने टाकलेल्या स्त्रियांचा मायेने सांभाळ होतो असे घर त्यांनी फुलहॅम येथे पाहिले. येशू आणि शोमरोनी स्त्री यांची कथा त्यांनी वाचली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट येथे संपायला हवी होती. आपणही आपल्या गोष्टी दीक्षेपाशीच संपवितो. रमाबाईंची ओढाताण मात्र तेथून सुरू झाली. ख्रिस्ती लोकांत इतके पंथ, आणि जो तो म्हणतो, खरे ते आमचेच! त्रैक्याचे तत्त्व बुद्धीला पटेना. गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन आज्ञाधारकपणा मागत होत्या; रमाबाई त्यांना कळवीत होत्या की पुरोहितांचे एक जू मानेवरून काढून टाकले, ते दुसरे घालून घेण्यासाठी नव्हे. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, यावरूनही वाद झाला. (संस्कृतचा आग्रह आपल्याला पचणारा नाही, पण हा वाद मला फार आवडतो.)

१९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी जे कबूल केले त्याला धैर्य लागते. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे त्यांच्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. १८९१ च्या सुमारास, शारदासदन चालवीत असताना, तो आपल्याला सापडला असे त्या सांगतात. निमित्त झाले एका पुस्तकाचे. हॅस्लम नावाचा इंग्रज पाद्री काही वर्षे उपदेश करूनही आतून कोरडाच राहिला होता, त्याचे ते आत्मकथन.

मी देव मानीत नाही. म्हणून मला विचारावेच लागते, रमाबाईंना सापडले ते काय? पारखायचे कशावरून? पुढच्या आचरणावरून म्हणावे, तर १८९७ मध्ये त्या दुष्काळग्रस्त मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना तेथून घेऊन आल्या. त्यांतूनच केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले. उपाशी आई-बाप डोळ्यांदेखत गेलेल्या बाईने हे केले. पण तेवढ्यावर देव सिद्ध होत नाही, कारण दुसऱ्या पारड्यात मदर तेरेसा आहेत. त्यांची खाजगी पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. कलकत्त्यातले काम सुरू झाले त्याच सुमारापासून १९९७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, १९५८ मधले काही आठवडे सोडले तर, देव जवळ असल्याचे त्यांना जाणवलेच नाही. जगाला जिच्यात देव दिसत होता तिला स्वतःला आत अंधार! काम मात्र चालूच होते. म्हणजे सापडल्यावरही माणूस काम करतो, न सापडताही करतो.

१९६१ मध्ये त्यांनी हे पुण्याचे जेझुइट धर्मपंडित जोसेफ न्यूनर यांच्यापाशी उघड केले. न्यूनर यांनी त्यांना समजावले की यात तुमचा दोष नाही, आणि देवाची तहान हीच तो असल्याची खूण आहे. यातले दुसरे मला पटत नाही. तहान लागली म्हणून विहिरीला पाणी असतेच असे नाही. मराठवाड्यातल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. पण पहिल्याची किंमत मी जाणतो. ते कोणी बाईंना सांगितलेच नव्हते.

आणि मी तर पिशवीत ग्रंथ घेऊन निघालो होतो. तहानेने घसा कोरडा पडलेल्या माणसाला मी आपल्या बाजूची एक संख्या समजलो होतो. त्या दिवशी त्या कदाचित माझे ऐकत्याही. मग आठ वर्षांनी त्यांच्यापाशी बौद्ध धर्म असता, आणि कोरड तशीच. तुमच्याच घरात उद्या कोणी म्हणाले, "दीक्षा घेतली, त्रिसरण रोज म्हणतो, पण आत काही हलत नाही," तर त्याला काय म्हणाल? फितूर? आपल्या वस्तीत मी हा शब्द ऐकला आहे, म्हणून विचारतो.

बाईंना मी रमाबाईंची सारी हकीकत सांगितली. न्यूनर यांचे पहिले म्हणणे सांगितले. "आणखी काय म्हणाले ते?" असे त्यांनी विचारले, म्हणून मनात नसताना दुसरेही सांगितले. ते ऐकून त्यांचे डोळे भरून आले. विहिरीचा दाखला माझ्या ओठांवर आला होता, तो मी गिळला.

"या रविवारी जाईन म्हणते," त्या म्हणाल्या. "मागच्या बाकावर बसेन. पण नसलेले पाप काही कबूल करणार नाही, सर."

घंटा झाली. त्यांचा सातवीवर तास होता.