टॉवेल कोणाच्या हातात?

इंग्रजीत कुणी ‘थ्रो इन द टॉवेल’ म्हटलं की आपण मराठीत ‘हात टेकले’ म्हणून मोकळे होतो. अर्थ चुकत नाही. पण आपल्याकडे टेकतात ते ज्याचे त्याचे हात. बॉक्सिंगमधून आलेल्या त्या वाक्प्रचारातला टॉवेल लढणाऱ्याकडे नसतोच. त्याच्या दोन्ही हातांत ग्लोव्ह्ज. तो फेकणार कसा?

टॉवेल असतो कोपऱ्यातल्या माणसाकडे. तीन मिनिटांची फेरी, मग एक मिनिटाची उसंत. तेवढ्यात तो स्टूल सरकवतो, चूळ भरायला लावतो, फुटलेल्या भुवईवर व्हॅसलीन चोपडतो, तोंड पुसतो. आपला गडी आता नुसता मार खातोय असं दिसलं, की तोंड पुसायचा तोच टॉवेल रिंगमध्ये भिरकावतो. पूर्वी स्पंज फेकत.

१ ऑक्टोबर १९७५. मनिलाजवळ मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची तिसरी लढत, पंधरा फेऱ्यांची. चौदा झाल्या तेव्हा फ्रेझरचा उजवा डोळा सुजून मिटत आला होता, आणि डाव्या डोळ्याने त्याला आधीपासूनच धड दिसत नव्हतं. म्हणजे येणारा ठोसा दिसायची सोयच उरली नव्हती. तरी त्याला उठायचं होतं. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी उठू दिलं नाही. रिंगमधल्या मारामुळे माणसं दगावलेली त्यांनी पाहिली होती. त्या दिवशी टॉवेल उडाला नाही, पंचांना सांगून लढत थांबवली. काम मात्र टॉवेलचंच. एवढा नावाजलेला गडी, जगज्जेतेपदाची लढत, उरलेली तीन मिनिटं, आणि ‘बस’ म्हणायचं दुसऱ्याने! हरणाऱ्यापेक्षा हे म्हणणाऱ्याची छाती मोठी असावी, असं मला वाटतं.

गेल्या वर्षी माझ्या एका मित्राचा छापखाना बंद झाला. त्याने हात टेकले, असं गावभर झालं. त्याने कुठले टेकायला! लग्नपत्रिकांचा हंगाम आला की फिटेल, म्हणत तो कर्ज काढतच होता. एका रात्री वहिनींनी तीन वर्षांच्या वह्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या, बेरीज त्याच्याकडूनच करून घेतली आणि शटरची चावी स्वतःच्या पर्समध्ये टाकली. पंधरा दिवस तो त्यांच्याशी धड बोलला नाही.

अजूनही मधूनच, मशीनला तेल देऊन येतो म्हणून, तो चावी मागतो. वहिनी सोबत जातात.