जीभ आणि घसा

फ्रान्सच्या बरगंडी प्रांतातल्या बोन शहरापासून दक्षिणेला सांतनेपर्यंत जाणारी सायकलवाट ‘द्राक्षमळ्यांची वाट’ म्हणूनच ओळखली जाते. अंतर सुमारे 22 किलोमीटर. वाटाड्यासोबतच्या सहलीला मात्र त्यात अख्खा दिवस लागतो, कारण वाटेवर पोमार, व्होलने, मर्सो ही गावे येतात आणि तळघरांत वाइन चाखण्यासाठी थांबे घेतले जातात. चाखणाऱ्यापुढे पेल्याबरोबर पिकदाणीही असते. घोट तोंडात घोळवायचा, वास आणि चव पारखायची आणि तो थुंकून टाकायचा. यात व्यवहार आहेच : रक्तात लीटरमागे 0.5 ग्रॅम मद्यार्काची फ्रेंच कायद्याची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. पण घशाखाली न उतरवता घेतलेली चव हा भोग की संयम, हा प्रश्न कायद्याहून कितीतरी जुना आहे.

ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखियन एथिक्स’च्या तिसऱ्या भागात तो जवळजवळ याच शब्दांत हाताळला. असंयमी माणसाला चवीशी फारसे देणेघेणे नसते, असे तो म्हणतो. चवीतले भेद ओळखणे हे वाइन पारखणाऱ्यांचे आणि आचाऱ्यांचे काम. अधाशाला हवा असतो स्पर्श. दाखला एका खादाडाचा आहे. आपला गळा क्रौंच पक्ष्याहून लांब व्हावा, अशी त्याने प्रार्थना केली होती. जीभ लांब व्हावी असे त्याने मागितले नाही!

बरगंडीचे नामांकित मळे ज्यांनी जोपासले ते मठवासी मात्र वाइन गिळत होते. 1098 मध्ये स्थापन झालेल्या सीतो मठाचा क्लो द वूजो हा सुमारे 50 हेक्टरांचा भिंतबंद मळा फ्रेंच राज्यक्रांतीत जप्त होईपर्यंत त्यांच्याकडे होता. हे मठवासी सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीने बांधलेले. वाइन मठवासीयांसाठी नव्हेच, पण आताच्या मठवासीयांना ते पटायचे नाही, असे काहीशा हताशपणे कबूल करून तिचे 40वे प्रकरण दिवसाला एक ‘हेमिना’, म्हणजे साधारण पाव लीटर, मंजूर करते. जी वाइन प्रभुभोजनात ख्रिस्ताचे रक्त मानली जाते ती मुळातच निषिद्ध ठरवता येत नव्हती. प्रश्न उरला मापाचा. तरी पूर्ण वर्ज्य करू शकणाऱ्याला वेगळे फळ मिळेल, हेही बेनेडिक्ट नोंदवतो.

गीता याहून पुढे जाते. दुसऱ्या अध्यायाच्या 59व्या श्लोकाप्रमाणे निराहार राहणाऱ्याचे विषय सुटतात, त्यांची गोडी सुटत नाही. ती परतत्त्वाच्या दर्शनानेच जाते. वाइन चाखणारा याच्या नेमके उलट करतो. तो वस्तू टाकतो आणि गोडी ठेवतो, तीही सरावाने अधिक तल्लख करून. ॲरिस्टॉटल ज्याला दोषमुक्त करतो, त्याच्याकडे गीतेच्या हिशेबाने सोडायला सर्वांत कठीण तेवढेच शिल्लक आहे.

हा विरोध दिसतो तितका सरळ नाही. ॲरिस्टॉटल चाखणाऱ्याला असंयमी म्हणत नसला, तरी संयमीही म्हणत नाही. चव पारखण्याचे कौशल्य संयमाच्या चर्चेत मोडत नाही, एवढेच त्याचे म्हणणे आहे.