व्यवहार आटोपल्यावरची ओळख

बाराव्या शतकात अब्राहम बेन यिजू हा ज्यू व्यापारी मंगळुरात येऊन राहिला होता. मूळचा ट्युनिशियाकडचा. मिरी, वेलची, सुपारी एडनला पाठवायची आणि आपल्या कारखान्यात पितळेची भांडी घडवून घ्यायची, हा त्याचा धंदा. एडनचे व्यापारी मोडकी भांडी त्याच्याकडे पाठवत आणि त्यांतून काय घडवायचे ते पत्रात कळवत. कैरोच्या सिनेगॉगमधल्या जुन्या कागदांच्या साठ्यात ही पत्रे सापडली. मालाचा हिशेब, बुडालेल्या जहाजाची बातमी आणि मग सोबत पाठवलेल्या भेटींची यादी: साखर, मनुका, कागद. पुढचे पत्र ज्यावर लिहायचे तो कागदसुद्धा मित्रांनीच पुरवायचा!

मला ही यादी हिशेबापेक्षा मोलाची वाटते. जहाजे मोसमी वाऱ्यांवर चालत, त्यामुळे पत्राचे उत्तर पुढच्या हंगामात आले तरी नशीब. अशा अंतरावर माल सोडायचा तो माणसाच्या शब्दावर. संबंध राखणे हा धंद्याचाच भाग होता. त्याचे वेगळे शास्त्र कुणाला लागत नव्हते.

ते शास्त्र विसाव्या शतकात झाले. तोवर टपाल स्वस्त झाले होते. आपल्याकडे १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. ओळखी वाढल्या आणि त्या लक्षात ठेवणे अवघड झाले. डेल कार्नेगीचे माणसे जोडण्यावरचे प्रसिद्ध पुस्तक १९३६चे. पुढे अमेरिकेत जो जिरार्ड या मोटारविक्रेत्याने आपल्या गिऱ्हाइकांना दर महिन्याला शुभेच्छाकार्डे पाठवण्याचा परिपाठ ठेवला. १९६३ ते १९७८ या काळात त्याने १३,००१ गाड्या विकल्या. त्याची चिकाटी मोठीच. पण त्याचे अनुकरण करणाऱ्यांनी चिकाटी सोडली आणि कार्ड तेवढे उचलले. दिवाळीच्या पहाटे एकाच मजकुराचे पन्नास संदेश फोनवर येऊन पडतात. त्यांत आपल्यासाठी लिहिलेला एकही नसतो. ही संपर्काची नासाडी आहे असे मी मानतो.

संबंध राखण्याच्या विचाराला खरे वळण दिले ते समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रानोव्हेटर यांनी, १९७३च्या एका निबंधात. बॉस्टनजवळ नोकरी बदललेल्या काही लोकांना त्यांनी विचारले: ज्याच्याकडून या जागेची माहिती कळली, तो तुम्हाला किती वेळा भेटत असे? वारंवार भेटणारे निघाले जेमतेम १६.७ टक्के. उरलेले सगळे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. कारण उघड आहे. जवळची माणसे आपल्याच वर्तुळात वावरतात. आपल्याला ठाऊक तेच त्यांना ठाऊक. नवी बातमी येते ती लांबच्या ओळखीतून.

मग अशा शेकडो ओळखी सतत ऊबदार ठेवायच्या कशा? इथे २०११ साली लेविन, वॉल्टर आणि मर्निघन यांचे संशोधन मदतीला आले. किमान तीन वर्षे बोलणे नसलेल्या जुन्या परिचितांकडे चालू कामाबद्दल सल्ला मागा, असे त्यांनी मोठ्या हुद्द्यांवरच्या लोकांना सांगितले. तो सल्ला नवा होता आणि उपयोगीही ठरला. मधल्या काळात त्या परिचितांनी बरेच काही वेगळे पाहिले होते, आणि जुना विश्वास शाबूत होता.

मला यात मोठा दिलासा दिसतो. खंड पडला म्हणजे नाते तुटले असे नाही. तरीही ‘इतक्या वर्षांनी काय म्हणून लिहू’ या संकोचापायी कितीतरी चांगल्या ओळखी पडून राहतात. लिहायला निमित्त लागते आणि ते बहुतेक वेळा पहिल्या भेटीतच मिळालेले असते. म्हणून व्हिजिटिंग कार्डाच्या मागे त्याच दिवशी एक ओळ टिपून ठेवावी: हा माणूस कशाने अडला होता? मग दोन पावसाळ्यांनीसुद्धा लिहिता येते, ‘प्रदर्शनात भेटलो तेव्हा खोक्यांना ओल धरते म्हणाला होतात. आम्ही यंदा आतून प्लॅस्टिकचे अस्तर लावून पाहिले, माल कोरडा राहिला. नमुना हवा असल्यास पाठवतो.’ आपले काम त्याच निरोपात घुसडू नये. ते पुढच्या पत्रात, उत्तर आल्यावर.