रुक्मिणीमातेचा रुसवा आणि नव्या शहरातला संसार





निरूपणाला अभंग घ्यावा, पदामागून पद उलगडावे, अशी आपली रीत. आज मात्र अभंग बाजूला ठेवून एक कथाच हाती घेतो. कथा तुमच्या-माझ्या नित्य ऐकण्यातली आहे. द्वारकेचा देव पंढरीस कसा आला, ती. कीर्तनाला उभे राहून मी ती शेकडो वेळा सांगितली असेल. पण तिच्यातले एक मर्म साठी उलटल्यावर एका पंचविशीतल्या मुलीमुळे माझ्या ध्यानात आले. ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमच्या दिंडीतले विणेकरी माढा तालुक्यातले. त्यांचा नातू शिकला आणि संगणकाच्या कामावर बंगळूरला लागला. बार्शीकडची मुलगी केली. मुलगी विज्ञानाची पदवीधर, लग्नाआधी गावात शिकवणीचे वर्ग घेणारी. अंगाची हळद उतरली न उतरली तोच सोलापूर स्टेशनावर दोघे उद्यान एक्सप्रेसमध्ये बसली, आणि नव्या शहरी संसार थाटायला गेली.

सहा महिने झाले नाहीत तो विणेकरी माझ्याकडे आले. म्हणाले, "बुवा, सूनबाई माहेरी यायचं म्हणते. फोनवर नुसती रडते. तुमचा शब्द ती मोडायची नाही. चार शब्द सांगा तिला."

चार शब्द सांगणे हा तर आमचा जन्माचा व्यवसाय! फोन लावला आणि सीतामाईपासून सुरुवात केली. राजवाडा सोडून ती माउली पतीमागे वनात गेली, पर्णकुटीत राहिली, कंदमुळे खाल्ली. पोरी, तुला तर पक्के घर आहे, दिवा आहे, पंखा आहे. असे मी चांगले अर्धा तास बोललो. पोरीने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि हळूच म्हणाली, "बुवा, सीतामाई वनात गेली खरी. पण वनात राम तिच्याजवळ होता ना? इथं माझ्याजवळ चार भिंती आहेत."

मी गप्प झालो. पाठशाळेत व्याकरण शिकलो, न्याय शिकलो. पूर्वपक्षाला उत्तर सुचले नाही असे सहसा झाले नव्हते. त्या दिवशी झाले. फोन ठेवला आणि मनाशी म्हटले, आपण त्या लेकराला अर्धाच दृष्टांत दिला. तिच्या वाट्याची पर्णकुटी सांगितली, राम सांगायचा राहिला.

पुढे मार्गशीर्षात बंगळूरच्या मराठी मंडळींनी कीर्तनाला बोलावले, तेव्हा दोन रात्री मुद्दाम या मुलांकडेच उतरलो.

शहर अफाट. केंपेगौडाने 1537 साली किल्ला बांधून वसवलेले हे गाव पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तिथले काडू मल्लेश्वराचे देऊळ राजांचे पुत्र व्यंकोजी यांनी 17व्या शतकात बांधले असे सांगतात. म्हणजे मराठी माणूस तिकडे काल-परवा आलेला नव्हे. पण आजचे बंगळूर एवढे पसरले आहे की कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून उपसून आणावे लागते, आणि कडेच्या वस्त्यांना तेही पुरत नाही. या मुलांच्या दारी टँकर येत होता.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे. मुलगा सकाळी आठला बाहेर पडायचा तो रात्री नऊ-दहाला परत. कामापेक्षा वाटेतल्या गर्दीतच जीव जास्त जायचा. घरी आला की दोन घास खाऊन पुन्हा ते घडीचे यंत्र मांडीवर घेऊन बसायचा. मुलगा वाईट नव्हे हो! गळ्यात माळ, एकादशी चुकत नाही, सुपारीचे व्यसन नाही. आणि मुलगी? तिला कानडी येत नाही, म्हणून शिकवणी नाही. शेजारी बोलतात ते कळत नाही, म्हणून दार लावलेले. गावाहून रंगाच्या डब्यात तुळस आणली होती, ती खिडकीत ठेवलेली. तिच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. त्या काड्या पाहिल्या आणि फोनवर काय बोललो होतो ते आठवून मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या रात्री दहाला मुलगा आला. ताट झाकलेले, दाराशी भरलेली पिशवी. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बुवा, तुम्हीच समजवा हिला."

मी म्हटले, "बाळ, समजावून झाले, आणि तिने मलाच समजावले. आता कथा सांगतो ती तुला. बैस."

तीच कथा, वाचकहो, आता तुम्हीही ऐका.

रुक्मिणीमाता ही विदर्भाची लेक. तिचे माहेर कौंडिण्यपूर, आजच्या अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी. तिथून देवाने तिला द्वारकेस नेले. आणि द्वारका म्हणजे काय? जरासंधाच्या त्रासाने मथुरा सोडून देवाने समुद्रात नवी वसवलेली नगरी. विश्वकर्म्याने बांधलेली, सोन्याची, पण नवी! म्हणजे नव्या लांबच्या शहरात संसार मांडायला गेलेली सून ही काही आजची गोष्ट नव्हे. जगन्मातेलाही ते चुकले नाही.

बरे, तिथे उणे काय होते? काहीच नाही. पण एके दिवशी तिने देवाच्या मांडीवर राधेला पाहिले. आपली जागा दुसऱ्याने घेतलेली पाहिली आणि माता रुसली. सोन्याची द्वारका सोडून निघाली ती भीमेच्या तीरी, दिंडीरवनात तप करीत बसली.

इथे मी थांबलो आणि मुलाला विचारले, "रुक्मिणीने देवाच्या मांडीवर राधा पाहिली. हिने तुझ्या मांडीवर रोज रात्री काय पाहिले, सांग बघू?" मुलाने यंत्राकडे पाहिले. मुलगी डोळे पुसता पुसता हसली. राधा म्हणजे मूर्तिमंत भक्ती, तिची बरोबरी त्या यंत्राशी करण्याचे पाप मी करीत नाही. पण जवळच्या माणसाजवळची आपली जागा गेली, हे दुःख तेच.

आता मर्म ऐका. माता रुसली तेव्हा देवाने काय केले? निरोप पाठवला का? "तिला समजवा" म्हणून नारदाला धाडले का? देवाला कामे नव्हती असे नाही, सगळ्या द्वारकेचा कारभार त्याच्या शिरावर. पण तो स्वतः निघाला. बरोबर गाई होत्या, गोपाळ होते. ते सगळे लटांबर त्याने गोपाळपुरास ठेवले आणि एकटा दिंडीरवनात शिरला. गोपाळपूर आजही पंढरीजवळ आहे, काल्याला आपण तिथे जातोच. त्या जागेचा हा अर्थ आपण कधी ध्यानी घेतला का? मनधरणीला जायचे तर व्याप बाहेर ठेवून जायचे. मी मुलाला म्हटले, "तुझी कचेरी गोपाळपुरास ठेवीत जा. उंबऱ्याच्या आत एकटा ये."

कथा इथेच संपत नाही. देव तिथे आला, माता भेटली. आता ती दोघे गेली कुठे? द्वारकेस परत गेली नाहीत. माता कौंडिण्यपुरासही गेली नाही. पुंडलिकाने वीट फेकली, देव त्या विटेवर उभा राहिला आणि दोघे तिथेच राहिली. तिचे माहेर एकीकडे, त्याची राजधानी दुसरीकडे, आणि संसार तिसऱ्याच गावी, पंढरीस! वाचकहो, मला सांगायचे आहे ते एवढेच. नवरा-बायकोचे घर म्हणजे तिचे माहेर नव्हे, आणि त्याच्या नोकरीचे ठिकाणही नव्हे. ते तिसरे गाव असते. ते दोघांना मिळून वसवावे लागते. तो बंगळूरला पगार मिळवीत होता आणि ती मनाने बार्शीत राहत होती. भाडे दोघांच्या नावे भरले जात होते, पण त्या खोल्यांत राहत कुणीच नव्हते.

आणि त्या गावाला जागा किती लागते? एक वीट! देवाला वैकुंठ अपुरे पडले नाही आणि वीटही अपुरी पडली नाही, कारण त्याचे चरण सम आहेत. एक पाऊल पुढे आणि एक मागे ठेवून विटेवर उभे राहता येत नाही. संसारातली दोन माणसे म्हणजे ती दोन पावले समजा.

इथे कुणी शंका घेईल, "बुवा, मग सुनांनी उठसूट रुसावे, हाच तुमचा उपदेश काय?" तर तसे नव्हे. माता रुसली, पण दिंडीरवनात ती तप करीत बसली, गावभर गाऱ्हाणे घालीत फिरली नाही. आणि देव आल्यावर मागचे उकरीत न बसता अनोळखी वनात राहिली. देवाकडे चालत येणे होते, मातेकडे परक्या जागेत रुजणे होते. दोन्ही केली म्हणून पंढरी झाली.

परक्या जागेचे म्हणाल, तर आपल्या देवाला कानडी मुलूख परका नाही. विजयनगरच्या राजाने देवाची मूर्ती हंपीस नेली आणि नाथमहाराजांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, असे आपली परंपरा सांगते. त्याच मुलखातल्या पुरंदरदासांनी आपल्या पदांना मुद्रा लावली ती पुरंदरविठ्ठलाची. विजापूर, बेळगाव, कलबुर्गीकडचे वारकरी आषाढीला येतात, आपले हरिपाठ आपल्या बरोबरीने म्हणतात. त्यांनी आपली भाषा जिभेवर घ्यावी आणि आपण त्यांच्या गावी दार लावून बसावे, हे बरे का?

पुढचे थोडक्यात सांगतो. मुलगी पौषात माहेरी गेलीच. मी विणेकऱ्यांना बजावले, तिला कुणी बोल लावायचा नाही. पंधरा दिवसांनी मुलगा रजा काढून, कुणी न बोलावता, स्वतः बार्शीला गेला. सासरेबुवांना म्हणाला, "चुकलो. न्यायला आलोय." दोघे कुर्डुवाडीवरून पंढरीस गेली, विटेवरच्या पायांवर डोके ठेवले, आणि मग बंगळूरची गाडी धरली.

तिथे पोचल्यावर मुलीने शेजारचे दार वाजवले. शेजारीण विजापूरकडची निघाली, घराण्यात वारी असलेली. तिने पहिला प्रश्न केला, "ऊट आय्ता?" म्हणजे, जेवण झालं का? आणि ताटात वाढली ती जोळद रोट्टी, आपली ज्वारीची भाकरी! आता मुलगी तिच्या मुलांना गणित शिकवते आणि ती मुले हिला कानडी शिकवतात. मुलगा आठवड्यातून दोन दिवस सातच्या आत घरी येतो. हरिपाठ होईपर्यंत ते यंत्र उघडायचे नाही, असा दोघांचा नेम आहे. खिडकीत शेजारणीने दिलेली नवी तुळस आहे.

सगळे गोड झाले असे मी लिहीत नाही. टँकर अजून येतो, रस्त्यातली गर्दी तशीच आहे, आणि भांड्याला भांडे लागतेच. पण परवा मी फोन केला तर मुलगी म्हणाली, "बुवा, आत्ता नको. हरिपाठ चाललाय, आम्ही दोघंही आहोत." एवढे बोलून तिने फोन ठेवला. इतक्या वर्षांच्या कीर्तनात अशी बिदागी मला क्वचितच मिळाली.

ज्यांची लेकरे लांबच्या शहरी गेली आहेत त्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. फोन करावा तो "जेवलीस का?" हे विचारायला करावा, उपदेशाला नव्हे. मी उपदेश करून पाहिला आहे, त्याने तुळस वाचली नाही. आणि तरुण मुलांनो, ज्यांनी तुमच्यासाठी पिशवीत भाकरी बांधून दिली त्या आईबापांचा विसर पडू देऊ नका. देव विटेवर थांबला तो आईबापांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकासाठीच.

नव्या शहरी निघालेल्या प्रत्येक जोडप्याला त्यांचे तिसरे गाव लाभो, एवढेच रखुमाईच्या पायी मागणे मागून ही सेवा थांबवतो.

॥ पुंडलीकवरदा हरि विठ्ठल ॥